आधार आणि उच्चार

विद्यापीठाने विद्यार्थ्याला काय द्यावे, या प्रश्नाची मराठीतील चर्चा बहुधा ज्ञान, पदवी आणि रोजगार या तीन शब्दांभोवती फिरत राहिलेली आहे. गेल्या काही वर्षांत त्यांत ‘आधार’ या चौथ्या शब्दाची भर पडली. समुपदेशन कक्ष, तक्रार निवारण समिती, मदतवाहिनी, विद्यार्थ्यांचे गट अशा अनेक व्यवस्थांना कवेत घेणारा हा शब्द समलिंगी, उभयलैंगिक आणि पारलिंगी विद्यार्थ्यांच्या संदर्भात विशेषत्वाने योजला जातो. त्याविषयी वाद असण्याचे वरकरणी काही कारण नाही. एकाकी पडलेल्या मुलाला वा मुलीला आधार मिळू नये, असे कोण म्हणेल? परंतु आधार देणारी संस्था त्या बदल्यात काय मागते, असा प्रश्न उपस्थित केला की हा शब्द वाटतो तितका सरळ राहत नाही. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, वसतिगृहासाठी गावाचे अंतर सांगावे लागते; तसा या आधारासाठी विद्यार्थ्याला स्वतःच्या लैंगिकतेचा उच्चार करावा लागतो. हा उच्चार आधाराची पूर्वअट असावा काय, आणि नसावा असे ठरविले तर मग विद्यापीठाने नेमके करावे काय, हा प्रश्न प्रशासनाचा वाटला तरी मुळात तो नीतीचा आहे. पुढे दिसेल त्याप्रमाणे तो काही अंशी भाषेचा आणि साहित्याच्या अध्यापनाचाही आहे.

आज जगभर परिचित असलेला आधाराचा नमुना अमेरिकेतील. ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात १९७१ मध्ये समलिंगी विद्यार्थ्यांसाठी एक कार्यालय सुरू झाले. अशा प्रकारचे ते तेथील पहिले विद्यापीठीय कार्यालय मानले जाते. १९६९ च्या न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल उठावानंतर जी चळवळ उभी राहिली तिच्या रेट्यातून ते मिळाले, प्रशासनाच्या औदार्यातून नव्हे, हे विसरता येत नाही. एक खोली, एक-दोन कर्मचारी, दारावर पाटी आणि आत येऊन बोलणारा विद्यार्थी, असा हा नमुना पुढे शेकडो विद्यापीठांनी स्वीकारला. त्याच्या पाच वर्षांनंतर, १९७६ मध्ये, मिशेल फूको यांच्या लैंगिकतेच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. लैंगिकता दडपली गेली या समजुतीला फूको यांनी त्यात छेद दिला. आधुनिक पाश्चात्त्य समाजाने माणसाला तिच्याविषयी सतत बोलते ठेवले, धर्मगुरूसमोरचा कबुलीजबाब डॉक्टर, मानसतज्ज्ञ आणि शिक्षक यांच्या टेबलापर्यंत आणला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. विद्यार्थ्यांनी झगडून मिळविलेल्या खोलीला कबुलीजबाबाची पेटी म्हणणे अन्यायाचे होईल, यात शंका नाही. पण टेबलाच्या एका बाजूला ऐकणारा आणि दुसऱ्या बाजूला स्वतःविषयीचे ‘सत्य’ सांगणारा, ही रचना तेथेही शिल्लक राहतेच. ईव्ह कोसोफ्स्की सेज्विक यांनी १९९० मध्ये त्यात आणखी एक दुखरी बाजू दाखवून दिली : हा उच्चार एकदा करून संपत नाही. प्रत्येक नव्या ओळखीबरोबर लपणे आणि सांगणे यांचा खेळ पुन्हा सुरू होतो. विद्यार्थ्याच्या बाबतीत ही नवी ओळख म्हणजे खोलीतला नवा सोबती, वसतिगृहाचे अधीक्षक, प्रबंधाचे मार्गदर्शक, घरमालक. यादी लांबत जाते.

या नमुन्याची दुसरी मर्यादा अगदी अलीकडे उघड झाली. ह्यूस्टन विद्यापीठाने आपले असे केंद्र २०२३ मध्ये बंद केले, तर युटा विद्यापीठाने २०२४ मध्ये. दोन्हीकडे राज्याच्या नव्या कायद्यांचे कारण होते. पाटी काढता येते, कर्मचाऱ्यांची दुसरीकडे नेमणूक करता येते, खोलीला नवे नाव देता येते. मात्र त्या खोलीत येऊन ज्यांनी स्वतःविषयी सांगितले त्यांना ते सांगणे परत घेता येत नाही. देणाऱ्याचे दान मागे घेता येण्याजोगे आणि घेणाऱ्याने मोजलेली किंमत कायमची, अशी ही विषम देवघेव आहे. म्हणून ‘आमच्याकडे केंद्र आहे’ एवढ्यावर कोणत्याही विद्यापीठाच्या नैतिक जबाबदारीचा हिशेब पुरा होत नाही.

भारतातील चित्र याहून विरळ आणि याहून गुंतागुंतीचे आहे. मुंबईच्या आयआयटीमध्ये २०११ पासून ‘साथी’ हा गट काम करीत आला. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मुंबई परिसरात २०१८ मध्ये वसतिगृहाचा काही भाग लिंगनिरपेक्ष ठरविण्यात आला. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाने २०२२ मध्ये त्याच दिशेने पाऊल टाकले. या सर्व संस्था निवडक, नामांकित आणि इंग्रजीत चालणाऱ्या आहेत, हे लक्षात घ्यावे लागते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या अनुदानित महाविद्यालयात, जेथे मराठीतून शिकणारे बहुसंख्य विद्यार्थी आहेत, तेथे यांतील काय पोचले? एक गोष्ट पोचली असे नियमाच्या पातळीवर म्हणता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती करून जात, धर्म, प्रदेश, भाषा यांच्या जोडीला लैंगिक कल आणि पारलिंगीपण या आधारांवर होणारा छळही रॅगिंगच्या व्याख्येत आणला. या दुरुस्तीकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. खरे तर तिच्या शब्दरचनेत या प्रश्नाचा एक मार्ग दडलेला आहे. तेथे दोष कृतीवर ठेवला आहे. चालण्याबोलण्यावरून ज्या मुलाला रोज ‘बायल्या’ म्हणून हिणवले जाते, त्याने तक्रार करताना आपण कोण आहोत हे सांगण्याची गरज नाही. कदाचित त्याचे त्यालाही ते अजून उमगलेले नसेल. हिणविणे घडले एवढे पुरे आहे. संस्था येथे आधी बोलते आणि विद्यार्थ्याला गप्प राहण्याचा अधिकार शाबूत ठेवते.

‘बायल्या’ हा शब्द आला त्या अर्थी भाषेचा मुद्दा टाळता येणार नाही. इंग्रजी माध्यमातल्या विद्यार्थ्यापाशी निदान काही तयार शब्द असतात. ते उसने असतील, पण त्यांना शिवीचा वास नाही. मराठीतून विचार करणाऱ्या मुलासमोर काय आहे? एका टोकाला गावच्या कट्ट्यावरच्या शिव्या, दुसऱ्या टोकाला ‘समलैंगिक’सारखा वैद्यक आणि कायद्याच्या पुस्तकांतून आलेला पारिभाषिक शब्द, जो आईसमोर उच्चारता येत नाही आणि मित्रासमोर उच्चारला तर हास्यास्पद वाटतो. ‘एलजीबीटीक्यू’ ही आद्याक्षरे तर त्याला एखाद्या प्रवेशपरीक्षेच्या नावासारखी वाटावीत. पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्टची स्थापना करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीतून सातत्याने लिहिले; त्यामागे हीच निकड असावी. ज्या भाषेत स्वतःविषयी सन्मानाने बोलण्याचा शब्दच रुळलेला नाही, त्या भाषेतल्या विद्यार्थ्याला ‘येऊन बोल’ असे निमंत्रण देणारा फलक इंग्रजीत लावणे, हा उपचार झाला. शब्द आधी वातावरणात यावे लागतात. व्याख्यानात, परिपत्रकात, पाठ्यपुस्तकात, शिक्षकाच्या तोंडी सहजपणे यावे लागतात. मग कोणी त्यांतला एखादा उचलील किंवा उचलणार नाही.

उच्चाराची जबरदस्ती किती टोकाला जाऊ शकते याचे या देशातील सर्वांत विदारक उदाहरण एका मराठीच्या प्राध्यापकाचे आहे, ही गोष्ट मराठी साहित्यव्यवहाराने पुरेशा गांभीर्याने घेतलेली दिसत नाही. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नागपूरहून जाऊन अलीगढ मुस्लिम विद्यापीठात दोन दशकांहून अधिक काळ मराठी शिकवीत होते. आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते. ‘पायाखालची हिरवळ’ या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या विद्यापीठीय निवासस्थानात घुसली. त्यांचे खाजगी क्षण चित्रित झाले आणि गैरवर्तनाचा ठपका ठेवून विद्यापीठाने निलंबित केले ते खुद्द सिरसांना. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी, प्रौढांच्या परस्परसंमतीपुरते, कलम ३७७ निष्प्रभ ठरविले त्याला तेव्हा सातच महिने लोटले होते. सिरस न्यायालयात गेले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१० रोजी निलंबनाला स्थगिती दिली आणि खाजगीपणाचा हक्क संरक्षणीय मानला. ७ एप्रिल रोजी ते अलीगढमधील भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले.

या प्रकरणात सिरसांनी कोणताही उच्चार केलेला नव्हता. विद्यापीठाकडे त्यांनी मान्यता मागितली नव्हती, आधार मागितला नव्हता. मागितली असलीच तर घराच्या दारामागची शांतता. उच्चार इतरांनी केला, तोही चित्रफितीच्या भाषेत, आणि संस्थेने त्या उच्चारावर शिक्का मारला. येथे एक अंतर्विरोध लक्षात घ्यायला हवा. न्यायालयाने आधार दिला तो खाजगीपणाच्या तत्त्वाचा. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने आणि ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निकालाने हे तत्त्व अधिक भक्कम केले, त्याला प्रतिष्ठेची आणि समानतेची जोड दिली. तरीही खाजगीपणा ही कल्पना ऐकताक्षणी एक खोली, तिला दार आणि दाराला आतून कडी गृहीत धरते. प्राध्यापकाला निवासस्थान होते. त्याचेही दार टिकले नाही. विद्यार्थ्याला तर तिघांत मिळून एक खोली, सामायिक न्हाणीघर आणि रात्री हजेरी घेणारे अधीक्षक असतात. खाजगीपणाचा हक्क त्याला घटनेने दिला आहे, पण तो बजावायला जागा नाही.

मराठी साहित्याला ही खोलीची अडचण ठाऊक होती. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगमंचावर आले. त्यातील सुमित्रा, म्हणजेच ‘मित्रा’, ही महाविद्यालयीन तरुणी एका स्त्रीवर प्रेम करते. हे ती सांगते ते बापूला आणि गोष्टही बापूच सांगतो. शीर्षकातील श्लेष अनेकांनी उलगडून दाखवला आहे. पण आजच्या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, त्या महाविद्यालयात मित्राला मिळालेला आधार म्हणजे बापू हा एकच माणूस. आणि तिच्या गरजा दोन : कोणीतरी ऐकणारा आणि भेटीसाठी एक खोली. बापू दोन्ही गरजा आपल्या कुवतीप्रमाणे भागवू पाहतो. तो भला आहे, गोंधळलेला आहे, तिच्या प्रेमात पडण्याच्या सीमेवर घुटमळणारा आहे आणि अखेरीस अपुरा पडणारा आहे. समीक्षेने मित्राच्या आत्मनाशाची मीमांसा तिच्या स्वभावातील आवेगात शोधली, हे एका मर्यादेत योग्यही असेल. परंतु संस्था नावाची गोष्ट त्या नाटकात कोठे आहे? ती कुजबुजीत, कुचेष्टेत आणि बदनामीच्या भीतीत आहे. व्यक्तीने संस्थेच्या वाटचा भार उचलायचा आणि तो न पेलल्याचा अपराधभाव आयुष्यभर वागवायचा, ही बापूची शोकांतिका मित्राच्या शोकांतिकेइतकीच बोलकी आहे. वर्गात एखादा विद्यार्थी धीर करून ज्या एका सहृदय शिक्षकाशी बोलतो, तो शिक्षकही बहुतेक वेळा बापूच असतो. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या २००६ च्या कादंबरीतही कथेच्या मध्यभागी एक खोली आहे, घराने भाड्याने दिलेली. पाव शतकानंतरही प्रेमाला जागा उसनीच घ्यावी लागते.

या सर्व विचारात सर्वांत अवघड वळण पालकांचे. वसतिगृहांच्या नियमपुस्तिकांत ‘पालकांना कळविण्यात येईल’ हे वाक्य शिस्तीचे अंतिम अस्त्र म्हणून वावरते. ते लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू नसतो. आपल्याकडे शिक्षणसंस्था स्वतःला घराचा विस्तार समजत आली आणि पालकांनीही मूल ‘तुमच्या स्वाधीन’ केले असे म्हणत तिला तसे समजू दिले. पण प्रस्तुत विद्यार्थ्याच्या बाबतीत घर हेच धोक्याचे ठिकाण असू शकते. शिक्षण बंद करणे, घाईने लग्न ठरविणे, ‘उपचारा’साठी नेणे या शक्यता काल्पनिक नाहीत. जातीच्या अनुभवाशी तुलना येथे उपयोगी पडते आणि येथेच ती थांबतेही. दलित विद्यार्थ्यालाही दाखला दाखवून स्वतःचे नाव सांगावे लागते, शिष्यवृत्तीच्या यादीतून ते सर्वांसमोर येते, आणि त्या उच्चाराचा अपमान त्याने सोसलेला असतो. परंतु संध्याकाळी तो ज्या घरी परततो ते घर त्याच बाजूचे असते. आई-बापांनी तोच अपमान ओळखलेला असतो. समलिंगी मुलाला घरातही परके राहावे लागते. अठरा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी कायद्याने सज्ञान आहे. त्याच्याविषयीची अशी माहिती त्याच्या संमतीवाचून पालकांना देणे हा विश्वासघात आहे, मग त्यामागे कितीही कळवळा असो. जिवाला धोका असेल तेव्हा काय, असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. त्या वेळी कोणाला तरी कळवावेच लागेल. पण कोणाला, हे विद्यार्थ्याला विचारूनच ठरवता येईल आणि पुष्कळदा ती व्यक्ती वडील नसून बहीण, मावशी वा मित्र असेल.

याविरुद्ध एक गंभीर युक्तिवाद संभवतो. उच्चाराला एवढे सांभाळत बसलो तर मौनाचीच प्रतिष्ठा वाढेल. नाव सांगितल्याशिवाय समूह बनत नाही, समूहाशिवाय मागणी नाही. ‘दलित’ हे नाव महाराष्ट्रात अभिमानाने उच्चारले गेले म्हणूनच एक साहित्य आणि एक चळवळ उभी राहिली, हा इतिहास ताजा आहे. हा युक्तिवाद नाकारण्याचे कारण नाही. मात्र ते नाव चळवळीने स्वतः निवडले होते, स्वतःच्या वेळी उच्चारले होते. कोणत्याही कार्यालयाने ते सुविधेच्या अर्जावर भरून घेतले नव्हते. अभिमानयात्रेत चालणारी विद्यार्थिनी आणि समुपदेशकाच्या नोंदवहीत जिच्यापुढे खूण झाली ती विद्यार्थिनी, या दोघींनी एकच शब्द वापरला असला तरी त्या शब्दाची मालकी सारखी नाही.

पारलिंगी विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर मौनाचा पर्यायच नसतो. रोज सकाळी हजेरीपटावरचे नाव मोठ्याने वाचले जाते आणि वर्गातल्या सर्वांच्या माना वळतात. स्वच्छतागृहाच्या दोन दारांपुढे, वसतिगृहाच्या दोन अर्जांपुढे, गुणपत्रिकेवरच्या नावापुढे त्यांचा उच्चार इतरांकडून सतत होत राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. २०१९ च्या कायद्यात मात्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राची तरतूद आली आणि दाखल्याची जुनी अट नव्या वेषात परतली. येथे विद्यापीठाने करायचे ते अगदी साधे आहे : विद्यार्थी सांगेल ते नाव हजेरीपटावर घेणे. त्यासाठी कोणत्याही समितीच्या अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

उच्चाराची दिशा उलटी करता येते, याचे एक उदाहरण न्यायव्यवस्थेनेच घालून दिले. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे दोन तरुणींचे प्रकरण आले. त्या एकत्र राहण्यासाठी घर सोडून आल्या होत्या आणि पालकांनी त्या हरवल्याची तक्रार नोंदविली होती. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी या विषयातले आपले अज्ञान आणि पूर्वग्रह उघडपणे मान्य केले, मानसतज्ज्ञाबरोबर बसून ते समजून घेतले आणि मगच आदेश दिला. त्या आदेशात शिक्षणसंस्थांविषयीही सूचना होत्या. येथे टेबलामागे बसलेल्याने आधी स्वतःविषयी सांगितले, समोर उभ्या असलेल्यांनी नव्हे. विद्यापीठांच्या विद्वत्सभांनी असे काही केल्याचे ऐकिवात नाही.

विभागांना मात्र ते करता येईल, आणि मराठी विभागांना इतरांहून अधिक. पूर्वी ग्रंथालयाच्या पुस्तकात मागे एक कार्ड असे. कोणी कोणते पुस्तक कधी नेले हे पुढच्या वाचकाला त्यावरून कळे. ते कार्ड आता बहुतेक ठिकाणी गेले, पण नावावर नोंद होण्याची भीती गेली नाही. ज्या पुस्तकाची नोंद आपल्या नावावर होऊ नये असे वाटते ते पुस्तक विद्यार्थी उभ्याउभ्याच वाचतो, दोन कपाटांच्या मधल्या बोळात. तेच पुस्तक अभ्यासक्रमात असले की सगळा वर्ग ते घेऊन फिरतो आणि कोणाच्याही हातातले पुस्तक कोणाविषयी काही सांगत नाही. ‘मित्राची गोष्ट’ शिकविताना प्रश्नपत्रिकेत ‘सुमित्राच्या मनोविकृतीची चर्चा करा’ असे लिहायचे की बापूच्या अपुरेपणाविषयी विचारायचे, याचा निर्णय प्राश्निकाच्या हाती आहे. सिरसांची गोष्ट २०१६ मध्ये भारतात प्रदर्शित झालेल्या ‘अलीगढ’ या हिंदी चित्रपटामुळे देशभर पोचली, मराठी एम. ए.च्या वर्गात मात्र त्यांचा संग्रह कवी म्हणून वाचण्याची वेळ अजून यायची आहे, आणि शेवटच्या बाकावरच्या ज्या विद्यार्थ्याला त्या वाचनाची गरज आहे त्याने त्या तासाला हात वर करण्याचे काहीच कारण नाही.